इंजिन-तेलातील इंधन-मिसळीचे निदान : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मालवाहू ट्रकच्या इंजिनातील तेलाची पातळी वापराबरोबर थोडी थोडी खाली जाते, हा वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. पातळी खाली गेली की चालक सावध होतो व तेलाची भर घालतो. परंतु तेलाची पातळी अनेक दिवस मुळीच कमी होत नसेल, किंबहुना ती किंचित वाढत असेल, तर ती समाधानाची बाब समजली जाते. प्रत्यक्षात हीच स्थिती इंजिनाच्या दृष्टीने अधिक धोक्याची असू शकते. जळून कमी झालेल्या तेलाची जागा न जळलेल्या डिझेलने घेतलेली असते. पट्टीवर तेल पूर्ण दिसते, परंतु बेअरिंगला आधार देण्याची त्याची शक्ती मात्र क्षीण झालेली असते. पुढे बेअरिंग जळून इंजिन जाम झाले की दोष बहुधा चालकाच्या किंवा फिटरच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्यांच्यापुढे असलेली खूणच फसवी असते.

इंजिन-तेलात इंधन उतरले आहे हे ओळखावे कसे, हा प्रश्न मोटार-वाहनाइतकाच जुना आहे. त्याच्या उत्तरासाठी गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या परीक्षा पुढे आल्या. या परीक्षांची माहिती अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत सुटी सुटी आढळते. परंतु त्या कोणत्या गरजेतून निर्माण झाल्या व त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा सलग विचार मराठीत फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तसा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) इंधन-मिसळीच्या निदानपद्धतींचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) प्रत्येक पद्धतीचे मूळ प्रयोजन व तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
३) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, रेल्वे व ट्रक या दोन क्षेत्रांत या ज्ञानाचा प्रसार विषम का झाला, याचा विचार करणे.

येथे एक पारिभाषिक खुलासा आवश्यक आहे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे ही 'भेसळ' होय. ती माणूस हेतुपुरस्सर करतो. तेलात डिझेल उतरणे ही 'मिसळ' होय. ती इंजिनातच घडते. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या प्रकारापुरता मर्यादित आहे.

तेलाचा दाटपणा का महत्त्वाचा?

यंत्राच्या दोन फिरत्या भागांमध्ये तेल असते, एवढे ज्ञान प्राचीन आहे. परंतु ते तेल नेमके काय करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. ब्यूशँप टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर केलेल्या प्रयोगांत तेलाच्या थरामध्ये मोठा दाब निर्माण होतो असे आढळले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढत नेतो, निमुळत्या फटीत त्याचा दाब वाढतो आणि आस त्या थरावर तरंगतो, असे तिचे सार होय.

हा थर किती जाड राहील हे आसाची गती, त्यावरील भार व तेलाची श्यानता म्हणजे दाटपणा यांवर अवलंबून असते. गती व भार तेच असताना श्यानता कमी झाली तर थर पातळ होतो आणि एका मर्यादेनंतर धातू धातूला लागतो. ट्रकमध्ये सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या १५डब्ल्यू-४० प्रतीच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला सुमारे १४ सेंटिस्टोक असते. डिझेलची श्यानता ४० अंशांनाच २ ते ४.५ सेंटिस्टोक एवढी अल्प असते. अशा दोन द्रवांचे मिश्रण झाल्यावर थोडे डिझेलही मोठा परिणाम घडवू शकते. मर्यादा निर्मात्यानुसार बदलत असली, तरी साधारणतः २ टक्क्यांना सावध व्हावे आणि ५ टक्क्यांच्या आसपास तेल काढून टाकून कारण शोधावे, असा संकेत रूढ आहे.

पेट्रोल-इंजिनांचा काळ

इंधन-मिसळीचा प्रश्न व्यापक प्रमाणावर प्रथम उद्भवला तो पेट्रोल-इंजिनांत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. पेट्रोलची मागणी भागविण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यांनी खनिज तेलातील जड अंशही पेट्रोलमध्ये घेण्यास सुरुवात केली. असे जड अंश थंड इंजिनात पूर्णपणे वाफेत रूपांतरित होत नसत. ते सिलिंडरच्या भिंतीवर थेंबरूपाने जमत, तेथील तेलाचा थर धुऊन काढीत आणि पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरत. रॉकेलवर चालणाऱ्या शेती-ट्रॅक्टरांत तर ही अडचण इतकी तीव्र होती की तेल वारंवार बदलावे लागे.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स, मोटार-अभियंत्यांची संस्था व तेल-उद्योग यांनी सहकार्याने जे इंधन-संशोधन हाती घेतले, त्यात या प्रश्नालाही स्थान मिळाले. पेट्रोलच्या बाबतीत मिसळ सतत वाढत जात नाही, हे यातील महत्त्वाचे तथ्य होय. इंजिन तापले की चेंबरमधील पेट्रोल पुन्हा वाफ होऊन निघून जाऊ लागते; आत येणारे व बाहेर जाणारे इंधन यांचा समतोल साधतो. त्यामुळे उपायही त्याच दिशेने झाले. इंजिन लवकर तापावे म्हणून थर्मोस्टॅट आले, आत जाणारे मिश्रण तापविण्याची सोय झाली आणि चेंबरमध्ये हवा खेळती ठेवण्यात आली.

निदानाची पद्धतही पेट्रोलच्या या गुणावरच आधारलेली होती. तेलाचा नमुना घेऊन त्याचे पाण्याच्या वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करावयाचे व वर निघालेले पेट्रोल मोजावयाचे, ही रीत पुढे प्रमाणभूत ठरली. तिच्यामागे एक गृहीतक दडलेले होते. इंधन तेलापेक्षा खूपच हलके असते आणि म्हणून ते सहज वेगळे काढता येते, असे ते गृहीतक होय. डिझेलच्या आगमनाने या गृहीतकालाच धक्का बसला.

डिझेल ट्रकचे आगमन व डोळ्याच्या साक्षीचा ऱ्हास

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले, तरी ते ट्रकमध्ये बसण्याइतके लहान होण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत बेंझ व मॅन या कंपन्यांचे डिझेल ट्रक पुढे आले. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन-पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि डिझेल ट्रकचा मार्ग मोकळा झाला.

डिझेल सुमारे १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळते. चेंबरमधील तेलाचे तापमान सामान्यतः १०० अंशांच्या आसपास असते. म्हणजेच पेट्रोलप्रमाणे डिझेल स्वतःहून निघून जात नाही. जे उतरले त्यातील बराच भाग तेथेच साचत राहतो. शिवाय डिझेल इंजिनात इंधन उतरण्याचे मार्गही अधिक आहेत. नोझलची सुई नीट न बसल्यास इंधन फवाऱ्याऐवजी थेंबांनी गळते. इंजिनाच्या तेलावर चालणाऱ्या पंपात झिजलेल्या प्लंजरजवळून डिझेल पंपाच्या खालच्या कप्प्यात व तेथून चेंबरमध्ये जाते. ट्रक उभा असताना इंजिन तासन् तास मंद गतीने चालू ठेवल्यास सिलिंडर पुरेसा तापत नाही व अर्धवट जळालेले इंधन खाली उतरते.

याच काळात निदानाचे एक जुने साधन निरुपयोगी झाले. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी डिझेल ट्रॅक्टरांत काजळी व चिकट थर साचून पिस्टनच्या रिंगा अडकत. त्यावर उपाय म्हणून १९३५ च्या सुमारास अमेरिकेत मलनाशक द्रव्ये मिसळलेली तेले बाजारात आली. ही तेले काजळीला इंजिनाच्या भागांवर बसू न देता स्वतःमध्ये तरंगत ठेवतात. परिणामी तेल काळे होणे हे ते खराब झाल्याचे लक्षण न राहता ते आपले काम करीत असल्याचे लक्षण बनले. रंगावरून तेल पारखणाऱ्या कारागिराच्या डोळ्याची साक्ष अशा रीतीने अविश्वसनीय ठरली. इंजिन सुधारले, परंतु निदान अवघड झाले.

मापनाची दोन साधने : श्यानता व फ्लॅश पॉइंट

डोळ्याची साक्ष गेल्यावर उरली ती बोटांची व नाकाची. दोन बोटांत तेल चोळून त्याचा दाटपणा पाहणे आणि पट्टी नाकाशी नेऊन डिझेलचा वास येतो का हे पाहणे, या दोन रीती जगभरच्या गॅरेजांत रूढ होत्या व आजही आहेत. प्रयोगशाळेतील दोन आद्य परीक्षा म्हणजे याच दोन रीतींचे मापनात झालेले रूपांतर होय.

श्यानता मोजणारी उपकरणे इंजिन-तेलातील मिसळ शोधण्यासाठी निर्माण झालेली नव्हती. जर्मनीत एंगलर, ब्रिटनमध्ये रेडवूड व अमेरिकेत सेबोल्ट यांची उपकरणे खनिज तेलाच्या व्यापारात मालाची प्रत ठरविण्याच्या गरजेतून पुढे आली. ठरावीक छिद्रातून ठरावीक तेल वाहून जाण्यास किती सेकंद लागतात, एवढेच ती सांगत. फ्लॅश पॉइंटचा इतिहासही असाच आहे. ज्या तापमानाला तेलाच्या वाफेला ज्योत लावताच ती क्षणभर पेट घेते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. दिव्यांत हलक्या प्रतीचे रॉकेल वापरल्याने होणारे स्फोट टाळण्यासाठी ब्रिटनने १८७९ च्या कायद्याने फ्रेडरिक एबल यांची बंद पेल्याची परीक्षा स्वीकारली. जर्मनीत पेन्स्की व मार्टेन्स यांनी अधिक जड तेलांसाठी तशाच तत्त्वावरील उपकरण सिद्ध केले. घरातील दिव्याच्या सुरक्षिततेसाठी जन्मलेली ही परीक्षा पुढे ट्रकच्या इंजिनाच्या कामी आली, कारण चांगल्या इंजिन-तेलाचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांहून अधिक असतो व थोडेसे डिझेलही तो लक्षणीयरीत्या खाली आणते.

परस्परांना झाकणाऱ्या खुणा

इंधनामुळे श्यानता उतरते, म्हणून श्यानता मोजली की मिसळ कळेल, हे तर्काला पटणारे आहे. व्यवहारात मात्र ते नेहमी खरे ठरत नाही. वापरातील तेलावर एकाच वेळी अनेक प्रक्रिया घडत असतात. काजळीमुळे तेल दाट होते. उष्णतेमुळे ऑक्सिडीकरण होऊन ते आणखी दाट होते. इंधनामुळे ते पातळ होते. बहुश्रेणी तेलांचा वापर रूढ झाल्यावर त्यात आणखी एक कारण वाढले. या तेलांत श्यानता टिकविण्यासाठी घातलेल्या बहुवारिकांच्या लांब साखळ्या यंत्रात तुटत जातात आणि इंधन नसतानाही तेल पातळ होते.

याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या ट्रकमधील नव्या तेलाची श्यानता १४ होती असे समजू. इंधन उतरल्यामुळे ती १२ पर्यंत खाली यावयास हवी होती. परंतु त्याच नोझलच्या दोषामुळे ज्वलन अपूर्ण राहून काजळीही वाढली आणि तिने श्यानता पुन्हा १४ वर आणून ठेवली. अहवालात '१४, समाधानकारक' अशी नोंद होते. येथे दोन दोषांनी मिळून एक निर्दोष आकडा तयार केला आहे. विशेष म्हणजे दोन्ही दोषांचे मूळ एकच असल्याने हा योगायोग विरळा नाही. सदोष नोझल इंधनही गाळते व काजळीही निर्माण करते. मानवी शरीरात एकाच व्याधीची दोन लक्षणे परस्परांना झाकतात, तसाच हा प्रकार होय.

फ्लॅश पॉइंटचे महत्त्व येथे ध्यानात येते. काजळी फ्लॅश पॉइंट वर नेत नाही; बहुवारिकांच्या साखळ्या तुटल्याने तो फारसा खाली येत नाही. म्हणून श्यानता योग्य परंतु फ्लॅश पॉइंट उतरलेला, असा अहवाल आल्यास इंधन व काजळी दोन्ही असल्याचा संशय घेता येतो. श्यानता उतरलेली परंतु फ्लॅश पॉइंट योग्य, असा अहवाल असल्यास साखळ्या तुटल्या असाव्यात किंवा चुकीच्या प्रतीचे तेल भरले गेले असावे. निदान एका आकड्यात नसून दोन आकड्यांच्या परस्परसंबंधात आहे, ही गोष्ट प्रयोगशाळांच्या व्यवहारातून हळूहळू स्पष्ट होत गेली.

कागदावरील थेंब

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आणखी एक परीक्षा लोकप्रिय झाली. तिला उपकरण लागत नाही. टिपकागदावर किंवा गाळणकागदावर वापरलेल्या तेलाचा एक थेंब सोडावयाचा व काही तास तो पसरू द्यावयाचा. काजळी मध्यभागी राहते, तेल तिच्याबाहेर पसरते आणि हलके डिझेल सर्वांच्या पुढे जाऊन बाहेरच्या कडेला फिकट, पारदर्शक वलय तयार करते. मध्यभाग गडद व काठ तीव्र असेल तर तेलाची काजळी धरून ठेवण्याची शक्ती संपत आल्याचे कळते. पाणी असल्यास काठ दातेरी होतो.

या परीक्षेचे वैशिष्ट्य असे की श्यानतेच्या आकड्यात एकमेकांत मिसळून जाणाऱ्या खुणा ती कागदावर एकमेकींपासून वेगळ्या करते. काजळी व इंधन यांना ती स्वतंत्र जागा देते. तत्त्वतः हे क्रोमॅटोग्राफीचेच एक साधे रूप आहे. मात्र तिचे वाचन अनुभवावर अवलंबून असते आणि ती टक्केवारी सांगत नाही. या कारणास्तव मोठ्या प्रयोगशाळांत तिला दुय्यम स्थान मिळाले. लहान कार्यशाळांत ती टिकून राहिली.

वर्णपटमापन : मोठे यश, एक आंधळी बाजू

तेल-परीक्षणाच्या इतिहासात सर्वांत अधिक गाजलेली घटना म्हणजे वर्णपटमापनाचा वापर. १९४० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीने डिझेल एंजिनांच्या तेलाचे नमुने वर्णपटमापकाने तपासण्यास सुरुवात केली. तेल विजेच्या ठिणगीत जाळले की त्यातील प्रत्येक धातू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो. त्यावरून लोह, तांबे, शिसे, कथील इत्यादींचे सूक्ष्म प्रमाण कळते आणि इंजिन न उघडता कोणता भाग झिजत आहे याचा अंदाज येतो. १९५५ मध्ये अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी ही पद्धत स्वीकारली व १९७० च्या दशकात तिन्ही सैन्यदलांचा संयुक्त कार्यक्रम अस्तित्वात आला.

या यशामुळे 'तेल-परीक्षण म्हणजे वर्णपटमापन' असे समीकरण अनेकांच्या मनात रूढ झाले. परंतु इंधनाच्या बाबतीत हे साधन मुळातच आंधळे आहे. डिझेल व इंजिन-तेल हे दोन्ही खनिज तेलापासून निघालेले, कार्बन व हायड्रोजन यांचेच बनलेले पदार्थ होत. धातूंच्या वर्णपटात डिझेलची स्वतःची अशी रेषा नाही. मिसळीमुळे तेलातील जस्त, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये विरळ होतात हे खरे. परंतु ५ टक्के इंधनाने ती सुमारे ५ टक्केच घटतात आणि एवढा फरक मापनातील नेहमीच्या चढउतारात लपून जातो. पुढे बेअरिंगचे शिसे व सिलिंडरचे लोह वाढू लागले की वर्णपटमापक बोलू लागतो, परंतु तो परिणामाविषयी बोलतो, कारणाविषयी नव्हे. तोपर्यंत हानीला सुरुवात झालेली असते.

गॅस क्रोमॅटोग्राफी व त्यानंतर

इंधनाचे प्रमाण थेट मोजण्याचा मार्ग एका निराळ्याच क्षेत्रातून आला. १९५२ मध्ये ए. टी. जेम्स व ए. जे. पी. मार्टिन यांनी मेदाम्लांच्या पृथक्करणासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीची पद्धत प्रसिद्ध केली. मिश्रणाची वाफ एका लांब नळीतून वाहू दिली असता हलके घटक आधी व जड घटक नंतर बाहेर पडतात. १९७० च्या दशकात वापरलेल्या तेलातील डिझेल मोजण्यासाठी तिची प्रमाण पद्धत तयार झाली. काजळी कितीही असो, डिझेलचा अंश आलेखावर आपल्या जागी दिसतो. अर्ध्या शतकाची अडचण येथे तत्त्वतः दूर झाली. मात्र उपकरण महाग, नमुना दूर पाठवावा लागणार आणि हलक्या प्रतीच्या तेलांत तेलाचा व डिझेलचा आलेख काही ठिकाणी एकमेकांवर येणार, या मर्यादा उरल्याच.

अवरक्त वर्णपटमापनाने १९८० च्या दशकानंतर काजळी, पाणी, ऑक्सिडीकरण यांचे मोजमाप सोपे केले. परंतु डिझेल व तेल यांची रासायनिक ठेवण इतकी सारखी असते की इंधनाविषयीचे त्याचे उत्तर विश्वसनीय मानता येत नाही. अलीकडे नमुन्यावरील वाफेचा वेध घेणारे छोटे संवेदक उपलब्ध झाले आहेत. पट्टी नाकाशी नेणाऱ्या फिटरची रीतच येथे यंत्राने स्वीकारली आहे, असे म्हणता येईल.

भारतीय व महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात डिझेल इंजिनांचा प्रसार स्वातंत्र्याच्या सुमारास वेगाने झाला. पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ मध्ये झाली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे ट्रक बनविण्यास आरंभ केला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बंगलोरच्या मायको कारखान्याने इंधन-पंप व नोझलांची गरज देशातच भागविण्याचा मार्ग खुला केला. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. कमिन्सच्या तत्कालीन इंजिनांत इंधनाचे मार्ग इंजिनाच्या शिरोभागाच्या आतूनच नेलेले असत. इंजेक्टरभोवतीची रबरी कडी कडक झाली की इंधन बाहेर न दिसता आतल्या आत उतरत असे. अशा वेळी इंधनात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग घालून गळतीची जागा शोधण्याची रीत उपयोगी पडते.

रेल्वेत चित्र वेगळे होते. १९५७ मध्ये लखनौ येथे संशोधन संस्था स्थापन झाली. १९६२ पासून अमेरिकेच्या ॲल्को कंपनीच्या आराखड्याची २६०० अश्वशक्तीची एंजिने आली व १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. डिझेल शेडबरोबर प्रयोगशाळाही आली. पुणे, कल्याण यांसारख्या ठिकाणच्या डिझेल शेडमध्ये तेलाची श्यानता, फ्लॅश पॉइंट, टिपकागदावरील डाग व वर्णपटमापन यांची एकत्र नोंद ठेवण्याची शिस्त या परंपरेतील आहे. प्रत्येक एंजिनाच्या आधीच्या नमुन्यांशी नव्या नमुन्याची तुलना करता येणे, हे या नोंदीचे खरे बळ होय.

ट्रकच्या क्षेत्रात ही शिस्त सामान्यतः पोहोचली नाही. याचे कारण अज्ञान नसून मालकीची रचना होय. शेकडो एंजिने एका मालकाची असतील तर प्रयोगशाळेचा खर्च परवडतो. भारतातील ट्रक-व्यवसाय मात्र प्रामुख्याने थोडे ट्रक बाळगणाऱ्या लहान मालकांचा आहे. एका नमुन्याच्या खर्चापेक्षा तेल वेळेआधी बदलणे त्यांना सोपे वाटते. तेल बदलल्याने लक्षण जाते, नोझल मात्र तशीच गळत राहते. म्हणून महामार्गावरील गॅरेजमध्ये बोट, नाक, पट्टी व कागदावरचा थेंब हीच प्रयोगशाळा राहिली. तिची उपेक्षा करणे योग्य नव्हे. इंधन किती हे प्रयोगशाळा सांगू शकते; ते कोठून आले हे अखेर नोझल काढून, दाबाखाली तपासून, पंप व कड्या पाहून फिटरलाच शोधावे लागते.

नव्या इंधनांचा व नियमांचा काळ

एकविसाव्या शतकात या जुन्या प्रश्नाला नवे रूप आले आहे. प्रदूषण रोखण्यासाठी धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी बसविण्यात येते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर डिझेल वाहनांत ती सार्वत्रिक होऊ लागली. गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी उष्णता हवी असते. काही इंजिनांत त्यासाठी ज्वलन संपत आल्यावर सिलिंडरमध्ये आणखी थोडे इंधन सोडले जाते. त्यातील काही भाग भिंतीवर बसून तेलात उतरतो. अनेक अवजड ट्रकमध्ये हे इंधन थेट धुराड्याच्या मार्गात सोडण्याची व्यवस्था असते, ती याच कारणाने लाभदायक ठरते. पूर्वी इंधन-मिसळ हा यंत्राचा बिघाड होता. आता काही इंजिनांत ती यंत्राच्या नेमून दिलेल्या कार्याचाच उपपरिणाम झाली आहे.

जैव-डिझेलमुळे दुसरा बदल घडत आहे. भारताच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैव-डिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जैव-डिझेलचे बहुतांश घटक ३०० अंशांहून अधिक तापमानालाच उकळतात; त्यामुळे तेलात उतरलेले जैव-डिझेल निघून जाण्याची शक्यता साध्या डिझेलपेक्षाही कमी असते. पेट्रोल बरेचसे निघून जात असे, डिझेल बरेचसे राहत असे, जैव-डिझेल जवळजवळ सर्वच राहते. इंधन बदलले की निदानाची गृहीतकेही तपासून पाहावी लागतात, हा १९२० व १९३० च्या दशकांतील धडा येथे पुन्हा लागू पडतो.

निष्कर्ष

१) इंधन-मिसळीच्या निदानाची बहुतेक साधने अन्य प्रयोजनांसाठी निर्माण झाली. दिव्यांची सुरक्षितता, तेलाचा व्यापार, धातूंची झीज व जैवरसायन या क्षेत्रांतून ती आली. त्यांच्या मर्यादाही त्या मूळ प्रयोजनांतून आल्या आहेत.

२) श्यानतेचा एकटा आकडा निदानास अपुरा आहे, कारण इंधन व काजळी यांचे परिणाम परस्परविरुद्ध असून दोहोंचे मूळ अनेकदा एकच असते.

३) वर्णपटमापन झिजेचा उत्तम साक्षीदार असले, तरी इंधनाचा साक्षीदार नाही.

४) सुधारित तंत्र जुन्या कौशल्याची जागा पूर्णपणे घेत नाही. प्रमाण मोजणे व उगम शोधणे ही दोन भिन्न कार्ये आहेत.

५) भारतात निदानाच्या प्रसारातील विषमता ही ज्ञानाच्या अभावापेक्षा मालकीच्या रचनेतून उद्भवली आहे.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आजही रेडवूडच्या उपकरणावर श्यानता व पेन्स्की-मार्टेन्सच्या उपकरणावर फ्लॅश पॉइंट काढण्याचे प्रात्यक्षिक घेतले जाते. बहुधा ही दोन स्वतंत्र प्रात्यक्षिके असतात, दोन्हींसाठी नवे, स्वच्छ तेल वापरले जाते आणि आलेला आकडा वहीत नोंदविला की काम संपते. त्याऐवजी एखाद्या ट्रकमधून काढलेले तेल घेऊन, त्याच नमुन्यावर दोन्ही परीक्षा करून, त्याचा एक थेंब कागदावर सोडून, तिन्ही निष्कर्षांचा एकत्र अर्थ लावण्यास विद्यार्थ्यास सांगितले, तर कोणतेही नवे उपकरण न घेता या इतिहासातील मुख्य धडा वर्गात शिकविता येईल. पट्टीवर तेल पूर्ण दिसत असतानाही इंजिन जाम का झाले, या प्रश्नाचे उत्तर चालकाला व फिटरला देऊ शकेल असा अभियंता घडविण्याच्या दृष्टीने हा बदल अल्प खर्चाचा व दीर्घ उपयोगाचा ठरेल.